सोनूबाईनं नाव घेतलं

खोटं वाटत असेल तर कुंभार पिंपळगावात जाऊन विचारा. त्यांचं घर अजून आहे.

निजामाचं राज्य होतं. अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस, ऊन कललेलं. नवी नवरी सोनूबाई आणि नवरा बद्रीनाथ टेंभुर्णीकडच्या एका तलावावर मौजेला आले होते. बद्रीनाथला पोहायचा भारी नाद. काठाला भोयांची घरं, बांधलेल्या होड्या... बाकी सामसूम.

बद्रीनाथनं होडीतून उडी मारली...

वर आलाच नाही.

बुडबुडासुद्धा नाही.

काठावरची बायनाबाई भोईण थाळी बडवत धावली. "पाण्यातल्याला नावानं हाक मारू नका वो! भलतंच ओ देतंय!"

पण सोनूबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. उखाण्याशिवाय जे नाव कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते तिनं बोंबलून घेतलं.

"बद्रीनाथ!"

"ओ..."

आवाज पार दुसरीकडून आला. लव्हाळ्यातून तो उभा राहिला. हसत.

बायनाबाई घरात पळाली. आतून कडी लागली.

घरी आल्यावर त्याचं अंग वाळेचना. अंथरुणात पाण्याचं थारोळं. नखांत हिरवा बुळबुळीत गाळ, त्याच हातानं भाकरी मोडायचा. रात्री तोंड जवळ आणलं की कुजक्या मासोळीचा भपकारा... श्शी! सोनूबाई अंग चोरून पडायची. उठून मोरीवर भडाभडा ओकायची.

एक दिवस तिनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, हे आपलं माणूस न्हाई. माझा धनी तिथंच पाण्यात हाय. मला जाऊ द्या, त्यांना घेऊन येते."

सासू गोजरबाई हसली. "येडी का काय! ओकाऱ्या व्हायल्या ना? अगं, दिवस गेलेत तुला! आता उंबरा वलांडायचा बिलकुल न्हाई."



गोजरबाईनं हौसेनं तिच्या पोटावर हात ठेवला...

आत काहीतरी सुळकन सरकलं.

म्हातारीनं हात झटकन काढला. लुगड्याला पुसला. वास घेतला. परत पुसला. तोंड वाकडं झालं.

"आत्याबाई... कळलं ना तुम्हाला?"

"गप बस. घराण्याला वारस येऊन राह्यलाय."

दुपारी तिनं गावभर गूळ वाटला.

आमच्या घरीही आला होता.