चार बोटं डावीकडे

खोका पुन्हा चार बोटं डावीकडे सरकला होता.

शलाकानं एका हातानं डिकीचं झाकण धरलं आणि दुसऱ्या हातानं मोजलं. काल शाळेतून आल्यावर तिनं खोक्याला लागून खडूची रेघ मारली होती. रेघ आणि खोका यांच्यामध्ये आता चार बोटं मोकळी जागा होती. परवाही तसंच, तेरवाही तसंच. रोज खोका ढकलून जागेवर आणायचा, रोज रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर स्वारी आपली डावीकडे.

खोक्यात सबवूफर (फक्त खोल, घुमणारे सूर काढणारा मोठा स्पीकर) होता. तो होता आबांसाठी. आबा, म्हणजे शलाकाचे आजोबा, जन्मभर पखवाज वाजवत आले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. आता रोज संध्याकाळी ते उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसत, स्वतःचंच जुनं वादन लावत आणि सबवूफरची थरथर पाठीच्या कण्यातून ऐकत.

आई त्या आठवड्यात घरूनच काम करत होती. गाडी जागची हलली नव्हती. मग अठरा किलोचा खोका हलवला कुणी?

डिकीची किल्ली दोघांकडेच होती, आईकडे आणि पान्याकडे. पान्या म्हणजे वसाहतीचा यंत्रमानव. गाड्या धुणं, चार्जिंगला लावणं ही त्याची कामं. एका हाताला बोटांऐवजी सहा मापांचे पाने असल्यानं मुलांनी त्याचं नाव पान्या ठेवलं होतं. स्पीकरमध्ये मोठं चुंबक असतं, तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, हे शलाकाला ठाऊक होतं. ते चोरण्यासाठी, खोका उघडायलाच तो रोज हलवत असणार.

तिनं वसाहतीचे सचिव भोईटेकाका यांच्याकडे लेखी तक्रार केली. काका म्हणाले, "यंत्राचं काय, शिकवाल ते शिकतं. चोरीसुद्धा. शनिवारी निकाल लावू. दोषी ठरला तर स्मृती पुसायची आणि कंपनीकडे परत."

म्हणजे पान्याला वसाहतीतलं कुणीच आठवणार नव्हतं. हे ऐकून शलाकाला जरा चुटपुट लागली. पण चोर तो चोर.

पुरावा हवा म्हणून गुरुवारी दुपारी तिनं डिकीत, खोक्याभोवती रांगोळी भुरभुरली. हात लागला की ठसा उमटणारच.

शुक्रवारी ती आली, तर खोका चार बोटं डावीकडे. रांगोळीत ठसा मात्र एकही नाही. त्याऐवजी वाऱ्यानं वाळूवर उमटतात तशा बारीक लाटा होत्या आणि खोका सरकल्याचा पट्टा होता.

"ताई, काही सापडलं?" मागून पान्यानं विचारलं.

"तू हातमोजे घालतोस का?"

"पाने असलेल्या हाताला हातमोजे मिळत नाहीत. पण तुमच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. किल्ली माझ्याकडे आहे." तो वाकून रांगोळीकडे पाहू लागला. "या लाटा हातानं उमटत नाहीत. थरथरीनं उमटतात. खोका स्वतःच चालतोय, ताई."

"हो, आणि जेवतोही स्वतःच. उद्या निकाल आहे म्हणून थापा मारतोयस."

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला लांब उभं करा आणि स्वतः पाहा."

शलाकानं तसंच केलं. भोईटेकाकांना बोलावलं, पान्याची किल्ली त्यांच्या हातात दिली, पान्याला पलीकडच्या कडुनिंबाखाली उभं केलं. आबा नेहमीसारखे सीटवर बसले. खोका पुन्हा रेघेपर्यंत ढकलून, डिकी उघडी ठेवून तिनं वादन लावलं.

पहिली खोल थाप पडली. खोका शहारला. दहा मिनिटांनी खडूची रेघ आणि खोका यांच्यामध्ये एक बोट शिरेल एवढी फट पडली होती. खोक्याला कुणीही हात लावला नव्हता.

"असं कसं?" भोईटेकाका चष्मा पुसत म्हणाले.

पान्यानं झाडाखालूनच सांगितलं, "स्पीकरचा पडदा हवेला पुढे ढकलतो, तेव्हा खोक्याला मागे धक्का बसतो. याला प्रतिक्रिया (प्रत्येक ढकलण्याला मिळणारं उलटं ढकलणं) म्हणतात. असे धक्के सेकंदाला पन्नासेक. एरवी घर्षण (घासणाऱ्या दोन पृष्ठभागांची एकमेकांवरची पकड) खोक्याला धरून ठेवतं. पण प्रत्येक थरथरीत ही पकड क्षणभर सैल पडते. ताट थोडं तिरकं धरा, त्यातली वडी हलत नाही. खालून टिचक्या मारत राहिलात की ती उताराकडे सरकू लागते. आपली वसाहत किल्ल्याच्या पायथ्याची, इथली जमीन डावीकडे उतरती."

पटण्यासारखं होतं, म्हणूनच शलाकाला ते जास्त संशयास्पद वाटलं. तिनं वाकून जमिनीचा उतार पाहिला. मग म्हणाली, "उतारामुळे होतं ना? मग गाडी उलटी उभी करू. खोका उजवीकडे गेला तरच खरं."

हाक मारल्यावर बाहेर आलेल्या आईनं गाडीला हुकूम दिला. गाडी वळून, तोंड दुसरीकडे करून उभी राहिली. नवी रेघ, नवी रांगोळी, पुन्हा पखवाज.

खोका उजवीकडे निघाला.

तक्रारीवर सही तिचीच होती. तिनं काकांकडून कागद मागून घेतला, फाडला आणि किल्ली स्वतः पान्याला नेऊन दिली. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"तुम्ही गाडी वळवलीत ते मला सुचलं नव्हतं," पान्या म्हणाला. "पण ताई, सरकणं ही लहान गोष्ट आहे. हा खोका आबांच्या पाठीमागे मोकळा आहे. गाडी साठच्या वेगानं जाताना कशावर आदळून थांबली, तर खोका थांबत नाही. त्याला साठच्याच वेगानं पुढे जायचं असतं. हे जडत्व (चाललेलं चालूच ठेवण्याचा वस्तूचा स्वभाव). त्या क्षणी अठरा किलोचा खोका चारशे किलोचा असल्यासारखा सीटवर आदळेल."

शलाकानं आबांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहिलं. खोक्याखाली फक्त दुकानदारानं लावलेली चिकटपट्टी होती, तीही उन्हानं सुकून सुटलेली.

"ड्रिल आण. स्क्रू मारू."

"कुठे? खाली बॅटरी आहे. ती भोकं आपल्याला फार महाग पडतील."

म्हणून भोक न पाडता काम सुरू झालं. खोका सीटच्या पाठीला टेकवला, म्हणजे वेग घ्यायला त्याला जागाच उरली नाही. सीटचे मूळ बोल्ट जिथे पत्र्यात घट्ट बसले होते, तिथेच काटकोनात वाकवलेले लोखंडी अँगल अडकवून खोक्याला जोडले. डिकीत सामान बांधायच्या चार कड्या होत्या, त्यांतून रुंद पट्टा ओढून आवळला. थरथरीनं साधे नट सुटतात, म्हणून लॉकनट लावले.

"आता दोन्ही हातांनी हलवा," पान्या म्हणाला. "गाडी हलली पाहिजे. खोका एकटा हलता कामा नये."

शलाकानं जोर लावला. सगळी गाडी डुलली. वादन अजून चालूच होतं. आतून आबांनी वळून पाहिलं आणि मान हलवली. "आज डाव्या हाताची थाप स्वच्छ पोचतेय," ते म्हणाले.

शलाका घरातून पांढरा रंग घेऊन आली. प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी एक सरळ रेघ तिनं ओढली. नट जरा फिरला, तरी रेघ तुटणार.

"आता संशय नटांवर?" पान्यानं विचारलं.

"दर रविवारी." मग काहीतरी आठवून ती थांबली. "चंद्रावरच्या गाडीत हा खोका कमी बांधला तर चालेल ना? तिथे वजन सहावा हिस्साच."

"वजन कमी म्हणून घर्षणही कमी. तो आणखी लवकर सरकेल. जडत्व मात्र तेवढंच राहील. टक्कर इथल्याइतकीच जोराची."

शलाकानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "कशावरून?"

"हिशेबावरून. मी गेलेलो नाही तिथे."

"मग मीच बघेन जाऊन," ती म्हणाली आणि उरलेली रांगोळी डबीत भरून तिनं झाकण घट्ट लावलं.