रिकामी पेटी

अंगणातला दिवा काकांनीच घालवला. "डोळ्यांवर येतो," म्हणाले.

"आता पांढरी साडी येणार," पुतणी भावाच्या कानात पुटपुटली.

"साडीबिडी काही नाही. माझ्या आतेभावाची गोष्ट आहे. रस्त्यावरचे वेग मोजणारे कॅमेरे तो बसवतो, दुरुस्त करतो. थापा मारायला त्याला सवडच नसते."

त्या गुरुवारी, सोळा नोव्हेंबरला, आतेभावाचं काम साधंच होतं. गावाबाहेरच्या वळणावरचा कॅमेरा काढून आणायचा. त्या वळणाने अकरा माणसं खाल्ली होती. शेवटची एक शाळकरी मुलगी. मग खांबावर पेटी बसली, पेटीत कॅमेरा आला, आणि पुढे तीन वर्षं तिथे कुणाला साधं खरचटलंही नाही.

"अपघातच होत नाहीत, तर कॅमेरा तिथे कशाला अडकवून ठेवायचा?" साहेब म्हणाले. "दुसरीकडे लावू. पेटी राहू दे. लोक पेटीलाच घाबरतात."

संध्याकाळी त्याने कॅमेरा सोडवला, बॅटरी वेगळी केली आणि दोन्ही मागच्या सीटवर ठेवली. बहिणीकडे जेवला. तिच्याकडे राहायला गेलेली लेक सोबत घेतली आणि त्याच रस्त्याने परत निघाला.

वळण जवळ आलं तशी लेक जागी झाली.

"बाबा, इथे सगळे हळू जातात ना?"

"पेटी रिकामी आहे, राणी. आतला पाहुणा मागे सीटवर झोपलाय."

काटा नव्वदच्या पुढे होता. घड्याळात अकरा बेचाळीस.

आणि उजेड पडला.

पांढरा. लख्ख. एकदाच.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी फरफटत वळली... थांबली.

समोर, दोन हातांवर, बंद पडलेला ट्रक. दिवे नाहीत. आत कुणी नाही.

लेकीने त्याची बाही धरली. त्याने मागे वळून पाहिलं. कॅमेरा होता तिथेच होता...

काका थांबले. पुतणीने पाय वर घेतले.

"मग?"

"मग काय. घरी गेले. सकाळी ऑफिसात त्याने कॅमेरा संगणकाला जोडला. शेवटचा फोटो त्याच्याच गाडीचा. वेग चौऱ्याण्णव. वेळ अकरा बेचाळीस."

"पण कॅमेरा तर मागच्या सीटवर..."

"हो."

भाऊ पुतणीच्या जवळ सरकला.

"आणि पेटी उंचावर आहे. तिथले फोटो वरून येतात. हा समोरून आलाय. रस्त्याच्या मधोमध उभं राहून काढल्यासारखा. एवढ्या उंचीवरून." काकांनी हात पुतणीच्या खांद्याशी धरला. "खालच्या कोपऱ्यात बोट आलंय. कॅमेरा धरायची सवय नसली की येतं, तसं."

"कुणाचं बोट?"

काका उठले. दिव्याच्या बटणावर हात ठेवला, पण दाबलं नाही.

"लहान आहे. नखाला शाई लागलीय."