मालनबाईची खोली

एकोडीच्या जागेश्वरला पक्कं घर बांधायचं होतं, पण मिस्त्रीने कागदावर काढलेला नकाशा त्याला काही केल्या कळेना. बांधीतला धान नुसता बघून किती खंडी होईल ते सांगणारा माणूस. कागदावरच्या रेघा आल्या की मात्र घोडं पेंड खाई. गोष्ट त्र्याऐंशी सालची. त्याच्या बायकोचा, रुखमिणीचा, भाऊ धनीराम चिखल्याच्या खाणीवर कामाला होता. बहिणीला सातवा महिना लागला हे कळताच तो मोठ्या हौसेने नागपूरहून प्लास्टिकच्या विटांचा डबा घेऊन आला. लाल-पांढऱ्या, एकीवर एक दाबली की टचकन बसणाऱ्या. लेकरू जन्मायच्या आधी त्याचं खेळणं घरात आणू नये, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

दिवेलागणीला नवराबायको पुढच्या सपरीत कंदिलाजवळ बसत आणि त्या विटांनी नवं घर मांडून बघत. छप्पर नाही, नुसत्या भिंती. वरून सगळ्या खोल्या दिसत. पुढे सपरी, मग माजघर, मागे रांधणखोली, एका अंगाला धान साठवायच्या ढोल्यांची जागा, आणि अगदी आत, वारा न लागणारी, बाळंतिणीची खोली. ही खोली रुखमिणी पुन्हा पुन्हा मोडायची आणि मांडायची. जागेश्वरची पहिली बायको मालनबाई पहिल्याच बाळंतपणात गेली होती, लेकरासकट. लेकरू हाती लागावं आणि त्याला बघायला आपण उरावं, याहून जास्त रुखमिणीला काही नको होतं.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात मालनबाईच्या नावाचा चांदीचा टाक होता. दुसरेपणावर दिलेली बायको तो घालतेच. नवं लुगडं, नव्या धानाचा भात, पहिला आंबा, घरात जे नवं येईल ते आधी टाकापुढे धरायचं आणि मग आपण घ्यायचं. रुखमिणी ते कधी चुकली नव्हती. विटांचा डबा आला तेव्हाही तिने विचारलं होतं.

"बाईपुढं ठेवू का जी हे?"

"खेळन्याले कायचा मान? खरं घर बांधू तवा दाखवू," जागेश्वर हसत म्हणाला.

मग एका सकाळी बाळंतिणीच्या खोलीला लागून आणखी एक खोली उभी दिसली. इवलीशी, चारी बाजूंनी भिंती, दार कुठेच नाही.

"हे कायले बांधलं?" त्याने विचारलं.

"मले वाटलं, तुमीच..."

त्याने ती मोडली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा जागेवर होती. मांजराचं काम म्हणावं, तर विटा इतक्या घट्ट दाबलेल्या की नखाने उचकटाव्या लागल्या. तो वाकला तेव्हा वास आला. ओवा आणि बाळंतशेपांच्या धुरीचा, बाळंतिणीच्या अंगाला येतो तो. त्या घरात तसा वास यायला अजून दोन महिने होते. या खेपेला जागेश्वर हसला नाही. त्याने सगळ्या विटा डब्यात भरल्या, डबा दोरीने बांधला आणि माळ्यावर टाकला.

सकाळी घर सपरीत मांडलेलं होतं. माळ्यावर रिकामा डबा, दोरीची गाठ तशीच. आणि आता बाळंतिणीच्या खोलीचं माजघरात उघडणारं दार विटांनी बुजवलेलं होतं. इवल्या खोलीच्या भिंतीत मात्र नवं दार पडलं होतं; बाळंतिणीला बाहेर पडायला तेवढी एकच वाट उरली होती.

भीती तर होतीच, पण त्याहून जास्त रुखमिणीला शरम वाटली. "माही चूक झाली," ती म्हणाली, "बाईले इचारलंच नाई." तिने हळदकुंकू आणलं, गळ्यातला टाक त्या घरापुढे धरला आणि हलक्या आवाजात बोलू लागली.

"बाई, घर पयले तुमचं. खोली घ्या... मोठी पायजे तं मोठी घ्या. पन लेकरू मले राहू द्या..."

मग तिने आपल्या हाताने बुजवलेलं दार मोकळं केलं. त्यानंतर एकही वीट हलली नाही.

मिस्त्रीने घर तसंच उठवलं, इवल्या खोलीसकट. त्या खोलीत रोज दिवा लागू लागला. पोरगी झाली, गुटगुटीत, आणि रुखमिणीही सुखरूप राहिली. जागेश्वरने बारशाला अर्धा गाव जेवू घातला. मालनबाईने पदरात घेतलं, असं बायका म्हणाल्या, आणि रुखमिणी आनंदाने रडली.

पोरीला दोन वर्षं होत आली, बोलू लागली. रुखमिणी तिला येता-जाता "माय" म्हणायला शिकवी. एका दुपारी ती चुलीपुढे भाकर थापत होती, तेव्हा पोरीने मागून तिचा पदर ओढला.

"मावसी, भूक."

पहिल्या बायकोची लेकरं दुसरीला हाक मारतात, तशीच. रुखमिणीचे हात पिठातच थांबले.

"कोनं शिकवलं तुले? मी तुही माय आहो, राजा... माय म्हन." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पोरीने इवल्या हाताने तिच्या गालावरचं पाणी पुसलं. मग इवल्या खोलीकडे तोंड करून तिने काळजीने सांगितलं, "माय, मावसी रडते."