चाकं टेकल्यावर

जीप आधी रस्त्याच्या डाव्या कडेला होती, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. पानानं स्कूटर कशीबशी बाजूला घेतली, तरी पुढचं चाक गटारात गेलंच.

जीप थोडी पुढे जाऊन थांबली. आतून एक उंच, सडपातळ माणूस धावतच उतरला. भुरभुर पावसानं त्याच्या चष्म्याच्या काचा भरल्या होत्या.

“दारू तुम्ही प्यायलाय की जीप?” पानानं विचारलं.

“मी तर नाही...” त्यानं चष्मा पुसला. पुसून जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाहिलं. “जीपचं छातीठोकपणे नाही सांगता येणार. कालच विकत घेतलीय.”

हसू आलं असतं, पण पानाची हसायची सवय मोडली होती. ती रस्त्यातच वाकली आणि जीपच्या पोटाखाली डोकावली.

“कुठल्या शहाण्यानं उंच केलीय ही? स्प्रिंगा उंच घातल्या, टायर मोठे घातले, आणि कंट्रोल आर्म जुनेच ठेवलेत.”

“हे काय असतं?”

“एक्सलला चॅसीशी धरून ठेवणारे दांडे. गाडी उंच केली की ते तिरके होतात, एक्सल मागे ओढतात, चाकांचा कल बिघडतो. मग गाडी अशी रस्ताभर हिंडते. तुमचा दोष नाही.” ती उठली. “गटारात घातलंत तो दोष मात्र तुमचाच.”

तो गुरांचा डॉक्टर होता. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात वर्षभर कोणी डॉक्टर गेला नव्हता. तिथली नेमणूक यानं मागून घेतली होती आणि तिथल्या दगडाधोंड्यांच्या रस्त्यासाठीच ही जीप घेतली होती. स्कूटर त्यानंच उचलून बाहेर काढली, आणि तिच्या मागोमाग, वळणं घेत घेत, जीप गॅरेजवर आणली.

गॅरेज आप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. लहानपणी ‘पाना दे गं, पाना दे’ करत ते तिला हाताखाली घेत, तेव्हापासून तिचं नाव पाना पडलं ते पडलंच. आता आप्पांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. दाराशी खुर्चीत बसून ते रस्ता बघत. हाताखालची माणसं दुसरीकडे गेली, गिऱ्हाईक रोडावलं. कित्येक आठवडे आभाळ उघडलं नव्हतं, पत्र्यातून एका कोपऱ्यात सारखं ठिबकायचं आणि पाना त्याखाली बादली सरकवून कामाला लागायची. आपल्या वाट्याला आता एवढंच, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

“गाडी कोणाची?” आप्पांनी विचारलं.

“माझी आहे आप्पा,” डॉक्टर म्हणाला. “पण सध्या तुमच्या लेकीच्या ताब्यात आहे.”

आप्पा खूश होऊन हसले. मग घटकाभरानं, “गाडी कोणाची?”

डॉक्टरनं पुन्हा तसंच सांगितलं. अगदी पहिल्यांदाच विचारल्यासारखं, त्याच आवाजात, तेच हसू ठेवून. पानाच्या हातातला टॉर्च क्षणभर थांबला. लोक दुसऱ्या वेळेला मान फिरवतात, तिसऱ्या वेळेला तिच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. तिला ठाऊक होतं.

मग आर्म निवडायची वेळ आली.

“जुनेच ठेवून त्यांचे ब्रॅकेट खाली घेता येतील,” ती म्हणाली. “पण ते खाली लोंबतात. तुमच्या त्या रस्त्यावर पहिल्याच दगडाला अडकतील. दुसरं म्हणजे ठरावीक लांबीचे लांब आर्म. एकदा बसवले की विषय संपला. तिसरे कमीजास्त करता येणारे. चाकांचा कल हवा तसा बसवता येतो, पण अधूनमधून परत आणून बघावे लागतात. तुम्हाला लांब जायचंय... माझं ऐकाल तर ठरावीकवाले घ्या.”

“परत आणायचे म्हणजे कुठे?”

“जिथे बसवले तिथेच बरं.”

“मग तिसरे.”

“अहो, सांगतेय काय मी—”

“ऐकलं की. अधूनमधून परत यावं लागतं म्हणालात.” तो बादलीत पडणाऱ्या थेंबांकडे बघत होता. “म्हणूनच.”

पानाचे कान गरम झाले. तिनं उगाचच पाने आकाराप्रमाणे लावायला घेतले.

“आणि टोकाला काय हवं? लोखंडी सांधा की रबरी बुश? लोखंडी मजबूत, वाकतोही जास्त. पण दिवसभर खडखड करतो, प्रत्येक धक्का वर पाठवतो.”

“मागे औषधांच्या बाटल्या असतील. कधी आजारी वासरू.”

“मग रबरी.” जरा थांबून ती म्हणाली, “वासराच्या जोडीला तुम्हीही असालच म्हणा.”

“चला, आमचा नंबर वासरानंतर तरी लागला!”

या वेळी मात्र तिला हसू आवरलं नाही.

माल यायला वेळ लागला. डॉक्टर रोज काहीतरी निमित्त काढून यायचा. कधी जीपचं दार वाजतंय, कधी वायपर अडतोय. निमित्त संपलं तेव्हा तो सरळ आप्पांशेजारी स्टुलावर येऊन बसायला लागला. ‘गाडी कोणाची’ला उत्तर द्यायचा. एकदा त्यानं आप्पांची नखं कापली. पाना जीपखालून बघत राहिली, आणि तिला कळून चुकलं की आपली काही धडगत नाही.

आर्म आले. जीप लोखंडी घोड्यांवर चढवून, चाकं अधांतरी ठेवून पानानं जुने काढले, नवे चढवले. बोल्ट घातले, नट नुसते हातानं फिरवून ठेवले. आता जीप खाली उतरवायची आणि मगच नट कसायचे. आप्पांची ही शिस्त तिच्या हाडीमाशी मुरलेली होती. गाडीचं वजन चाकांवर आलं की रबर आपल्या जागी बसतं. आधीच कसलं, तर ते पिळलेलंच राहतं आणि खड्ड्याखड्ड्याला आणखी पिळून शेवटी फाटतं.

तेवढ्यात डॉक्टर आला. स्टुलावर बसला नाही.

“खोऱ्यातून निरोप आलाय. जनावरांत साथ पसरलीय. उद्या सकाळीच निघावं लागेल.”

“उद्या?”

“घाट पुढे बंद होईल म्हणतात. एकदा वर गेलो की...” त्यानं वाक्य सोडून दिलं.

थांबा, असं म्हणायला पानाचे ओठ उघडले. पण कुठल्या तोंडानं म्हणायचं? वर जनावरं मरत होती. आणि मी येते म्हणावं, तर खुर्चीत आप्पा डुलकी घेत होते.

“जीप तयार होईल संध्याकाळपर्यंत,” एवढंच बोलून ती जीपखाली शिरली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. तिनं पाना लावला आणि अंगातला सगळा जोर लावून एकामागून एक सगळे नट कसून टाकले.

सकाळी जीप गेली. घोड्यांची जागा रिकामी झाली. पानानं चहा केला, आप्पांच्या हातात कप दिला. प्रत्येक कामानंतर विचारायचे तसं त्यांनी विचारलं,

“खाली उतरवून कसलंस ना गं?”

“हो आप...”

काल नट कसताना जीप घोड्यांवरच होती. चाकं अधांतरी होती. सगळी.

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही. फाटलेलं बुश, सैल झालेला एक्सल, आणि एका बाजूला खोल दरी... त्याला घाटाआधी गाठायलाच हवं होतं. आप्पांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांना शाल गुंडाळून गॅरेजच्या टेम्पोत शेजारी बसवलं, पाने सीटखाली टाकले आणि टेम्पो घाटाच्या रस्त्याला लावला.

धुकं इतकं होतं की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसे. ‘एकदा दिसू दे,’ ती स्वतःशीच पुटपुटत होती. ‘धडधाकट दिसू दे. मग माझ्याशी जन्मात नाही बोलला तरी चालेल.’

घाटाच्या पायथ्याशी चौकीजवळ गाड्यांची रांग लागली होती. वर दरड कोसळली होती. रांगेच्या टोकाला उंच, चिखलानं माखलेली जीप उभी होती, आणि तिच्याशेजारी छत्री धरून तो.

“पाना? तू इथे?” पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ‘तू’ गेलं.

“बाजूला व्हा. काही विचारू नका.” तिनं पोतं अंथरलं आणि ती जीपखाली सरकली.

“सरळ चालतेय तशी,” तो बाहेरून म्हणाला. “पण अंग आखडलेल्या बैलासारखी. म्हटलं, नवीन आहे म्हणून असेल.”

“नवीन आहे म्हणून नाही. मी चुकले म्हणून.” एकेक नट सैल होत गेला. जीप हलकेच करकरली आणि बोटभर खाली बसली. “लटकत्या गाडीचे नट कसले मी. वर दरीच्या कडेला बुश फाटलं असतं... आजवर हे काम माझ्या हातून कधी चुकलं नव्हतं.”

“मग कालच कसं?”

खाली अंधार होता. तिला त्याचे चिखलाचे बूट तेवढे दिसत होते. त्याला तिचे. चेहरा दिसत नव्हता हेच बरं होतं.

“काल तुम्ही जातो म्हणालात,” ती म्हणाली. “मला दुसरं काही सुचलंच नाही.”

बूट जागचे हलले नाहीत. मग छत्री बाजूला पडली आणि तो चक्क चिखलात आडवा झाला, चष्म्यासकट.

“मला तरी कुठे काय सुचलं,” तो म्हणाला. “काल तुला विचारायचं म्हणून आलो होतो. आणि निरोप तेवढा सांगून परत गेलो.”

“काय विचारायचं होतं?”

“जे तू आता सांगितलंस तेच.” त्यानं हात पुढे केला. तिच्या ग्रीसच्या बोटांवर ठेवला. “थांब म्हण. थांबतो.”

पानाला थांब म्हणावंसं वाटत होतं, जीव तोडून वाटत होतं. पण आप्पांची नखं कापणारा माणूस वरची जनावरं तशीच मरू देऊन इथे स्टुलावर सुखानं बसू शकला नसता. आणि तसा बसला असता, तर तो हा उरला नसता.

“जा तू,” ती म्हणाली. “जीप हलव जरा. पुढे-मागे. वजन बसू दे.”

त्यानं हलवली. मग तिनं नट कसले. या वेळी सावकाश, एकेक करून. ती बाहेर आली तोवर दरड हटवली होती आणि रांग पुढे सरकायला लागली होती. चौकीवरचा शिपाई ओरडून सांगत होता, एवढ्या गाड्या वर गेल्या की फाटक बंद, पाऊस ओसरेपर्यंत कोणी खाली यायचं नाही, कोणी वर जायचं नाही.

“आर्म बघायला परत कधी आणायची?” त्यानं विचारलं.

“फाटक उघडलं की. त्याच दिवशी.”

“आणि बिघाड नसला तर?”

“तरी आण.”

त्यानं टेम्पोशी जाऊन आप्पांच्या अंगावरची शाल नीट केली. मग जीपमध्ये बसला. जीप चढाला लागली, जराही न हिंडता, सरळ. धुक्यात आधी चाकं गेली, मग टप, मग मागचा दिवा. शिपायानं फाटक ओढून घेतलं.

पाना टेम्पोत येऊन बसली. हात स्टिअरिंगवर ठेवले, पण चावी फिरवली नाही. आप्पा काचेतून वरच्या रस्त्याकडे बघत होते.

“गाडी कोणाची गं?”

पानानं ग्रीसच्या मनगटानंच डोळे पुसले.

“आपल्याच माणसाची, आप्पा.”

“खाली उतरवून कसलंस ना?”

“हो आप्पा,” ती म्हणाली. “आता कसलं.”