निरोप अर्धाच मिळाला

पेंटर पहिल्यांदा दवाखान्यात आला तो थेट शिडीवरून. समोरच्या बेकरीची पाटी रंगवता रंगवता त्याची दाढ अशी काही ठणकली, की 'री'ची वेलांटी तशीच सोडून, गाल दाबत तो रस्ता ओलांडून आला. कोपरापर्यंत निळा रंग आणि डोळ्यांत पाणी!

दातांची डॉक्टर तरुण होती, दवाखाना एकटीच चालवायची. तिला एक वाईट खोड होती. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबायचा आणि मग त्याच्याशी गप्पा मारायच्या.

"पाट्या रंगवता वाटतं?"

"अं."

"अक्षर छान आहे हो तुमचं."

"अं… अं!"

"पुढच्या वेळी फोन करून या. आणि मी उचलला नाही, तर त्या व्हॉइसमेलवर बोलत बसू नका. मी कधी ऐकतच नाही. मिस्ड कॉल दिसला की उलट फोन करते."

हे ऐकून पेंटरचे डोळे हसले. का हसले, ते तिला कळायला बरेच महिने जायचे होते.

दाढ बरी झाली, पण येणं काही थांबलं नाही. त्याने दवाखान्याची पाटी नव्याने रंगवून दिली. मग ती वाळली का, ते बघायला आला. मग पुन्हा आला. ऑइलपेंट इतके दिवस ओला राहत नाही हे तिलाही ठाऊक होतं, तरी ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "बघा बरं हात लावून…" पण गाडी अहो-जाहोच्या पुढे सरकली नाही. अधूनमधून त्याचा मिस्ड कॉल दिसायचा, ती उलट फोन करायची.

"काही काम होतं?"

"छे, चुकून लागला."

माणसाचा फोन चुकून लागावा तरी किती वेळा! पण तिने कधी विचारलं नाही.

शेवटी तिची थोरली बहीण कडाडली. व्हॉइसमेलला ती निरोपांची पेटी म्हणायची. "अगं, तुझी पेटी भरलीय! मी बोलायला लागले, तर ती आतली बाई म्हणते जागा नाही. पुसून टाक सगळं एकदाचं."

त्याच दिवशी, सुट्टीच्या दुपारी, रिकाम्या दवाखान्यात, पेशंटच्याच खुर्चीत ती पाय वर घेऊन बसली. फोनवर ही लांबलचक यादी. लॅबवाला… पुसला. ताई… पुसली. पुन्हा ताई, पुन्हा पुसली. मग 'पेंटर'. त्याखाली पुन्हा 'पेंटर'… आणि मग खाली खाली तोच! पुसायच्या खुणेवरचं बोट तिने अलगद बाजूला घेतलं आणि सगळ्यांत जुना निरोप लावला.

"डॉक्टर, तुम्ही हे ऐकणार नाही म्हणून बोलतोय. तुमच्यासमोर माझ्या तोंडात आपोआपच कापूस येतो."

ती एकटीच खुदकन हसली. पुढच्या निरोपात पाऊस कोसळत होता. "एका दुकानाच्या पायरीवर उभा आहे. छत्री पाटीवर धरलीय आणि मी भिजतोय. तुम्ही असता तर हसला असता…"

तो दिवस तिला लख्ख आठवला. संध्याकाळी तो शिंकत आला होता, आणि तिने काय सांगितलं होतं? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या! नुसत्या गुळण्या! तिला स्वतःचाच राग आला.

एका निरोपात तो फक्त शीळ घालत होता. आणि मध्येच कुठेतरी, त्याचं त्यालाही न कळता, 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "आज केस मोकळे सोडले होतेस. असेच सोडत जा… नको, नको सोडूस. माझी अक्षरं वाकडी येतात." हा तिने पुन्हा लावला. पुन्हा एकदा लावला. गेलेलं अख्खं वर्ष तिच्या कानाशी बोलत होतं, आणि ते परत कसं मिळवायचं या विचाराने तिचे डोळे भरून आले.

शेवटचा निरोप कालचा होता. "डॉक्टर, दुसऱ्या गावी छापखान्यात कायमची नोकरी मिळतेय. उद्या संध्याकाळची गाडी आहे. पण खरं सांगू? तू एकदा जर—"

एवढंच. पुढे पेटी भरली होती.

तिने फोन लावला, तर त्याचा बंद. दवाखान्याला कुलूप ठोकून ती चालत सुटली, आणि कोपऱ्यावरून चक्क पळतच.

त्याच्या वर्कशॉपच्या दारात तो ब्रशांचा जुडगा बांधत होता. "अरे, डॉक्टर! निरोप घ्यायला आलात?"

"नाही," तिला धाप लागली होती. "अर्धाच मिळालाय, तो पुरा करून घ्यायला आलेय. 'तू एकदा जर'… पुढे काय?"

पेंटर कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही… तुम्ही तर कधी ऐकत नाही ना!"

"आज ऐकले. सगळे. शिळेसकट."

"पुसून टाका हो ते…"

"ताईचे पुसले. तुमचे ठेवलेत. बोला आता, कापूस नाहीये तोंडात."

"म्हणजे… तुम्ही एकदा जर—"

"असं नव्हतं ते. तिथे 'तू' होतं."

ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "तू एकदा जर थांब म्हणालीस, तर मी जाणार नाही. छापखाना गेला उडत. मला तू आवडतेस… दाढ ठणकत होती, तेव्हापासून."

दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारी ती, आता तिचंच तोंड उघडेना. रंगाने माखलेला त्याचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

"थांब," ती म्हणाली. "मलाही तू आवडतोस रे. आणि हे मी कुठल्या पेटीत टाकत बसणार नाही, आत्ता तोंडावर सांगतेय."

संध्याकाळची गाडी त्याला न घेताच गेली.