उतरणाऱ्यांना आधी

व्हेनिसला मी आयुष्यात एकदाच गेलो. तिथल्या एका खलाशाचं नाव विचारायचं राहून गेलं, एवढी रुखरुख सोडली तर त्या शहराबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नाही. बस, शेगडीजवळ सरक. सांगतो.

माझी बायको नोर्मा तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीकडे, एल्दाकडे, व्हेनिसला गेली होती. नोव्हेंबर महिना. गवत भरून झालं होतं, गाई गोठ्यात होत्या, म्हणून मीच म्हटलं होतं की जाऊन ये. तिथे तिच्या छातीत कळ आली. गावात फोन एकच, कॉफीच्या दुकानात. दुकानदाराचा माणूस मला बोलवायला आला तेव्हा मी दूध गाळत होतो.

फोनवर एल्दा रडत नव्हती, चिडली होती.

"भावोजी, आधी निघा. डॉक्टर म्हणतात आजच छाती उघडावी लागणार. आणि ही बया म्हणते, अर्दुइनो आल्याशिवाय मी आत जाणार नाही. तुम्हीच समजवा तिला!"

नोर्माला कुणी समजवायचं? मी पिशवीत तिचे लोकरीचे मोजे टाकले, चीजचा एक तुकडा टाकला आणि मिळेल त्या गाडीने खाली उतरलो.

व्हेनिसच्या स्टेशनात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धुकं असं दाटलं होतं की दिवस आहे की संध्याकाळ, कळू नये. एका हमालाला मी इस्पितळाची वाट विचारली. त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"पाहुणे डोंगरातले दिसतात. बुटांना अजून शेण आहे."

"बायको आजारी आहे."

त्याचा आवाज लगेच उतरला. "मग काका, गल्ल्यांतून जाऊ नका, उद्यापर्यंत फिरत राहाल. पायऱ्या उतरा, पाण्यापाशी धक्का दिसेल. इस्पितळाच्या दारातच बोट लागते. आणि हे बघा, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं, मग चढायचं. तेवढं पाळा, नाहीतर आमच्या म्हाताऱ्या कोपराने बरगडी मोडतात."

माझ्यासोबत यायला तो निघालाही होता, पण गाडीतल्या कुणीतरी त्याला सामानासाठी हाक मारली.

पायऱ्या उतरलो. तिकिटाची खिडकी बंद होती. म्हटलं, बोटीवर मिळत असेल. समोर पाण्यावर ती उभीच होती. छप्पर, काचेच्या खिडक्या, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. पाय ठेवला तर खालून हलली. आत चिटपाखरू नव्हतं. मी बाकावर बसलो, पिशवी शेजारी ठेवली आणि सुटायची वाट बघू लागलो.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. खिडकीबाहेर पांढरं धुकं, खाली पाण्याचं लप लप. ओल्या दोराचा आणि शेवाळाचा वास. दुरून कुठूनतरी घंटा वाजल्यासारखी वाटायची, मग तीही धुक्यात बुडून जायची. मी मनातल्या मनात नोर्माशी भांडत होतो. जा ना बाई आत. माझ्यासाठी कशाला थांबतेस?

मग लोखंड घासल्याचा आवाज आला. मी मान वळवली. कडेला एक खलाशी दोराचं वेटोळं घालत होता. निळा जाड स्वेटर, केस भुवयांपर्यंत ओले. तो कधी आला, मला कळलं नाही. आम्ही मात्र निघालो होतो. इंजिनाचा आवाज नव्हता. फक्त पाणी मागे सरकत होतं... आणि खिडकीतून घरांच्या भिंती, एक पूल, मग काहीच नाही.

"कुठे?" त्याने विचारलं. आवाज हळू, जवळ कुणी झोपलं असावं तसा.

"इस्पितळ."

"चढणार तिथून?"

"नाही. उतरणार."

तो दोर हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"या फेरीला तिथे कुणी उतरत नाही, काका... तिथून चढतात फक्त. मग समोरच्या बेटावर."

समोरच्या बेटावर व्हेनिसचे लोक आपली माणसं पुरतात, हे डोंगरातल्या माणसालाही ठाऊक असतं. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मी म्हटलं, "माझी बायको आहे तिथे. मी आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणते. हट्टी आहे."

तो पहिल्यांदा हसला. थोडंसंच.

"माझीही होती," म्हणाला. "उतरा तुम्ही. नियम नियम आहे. तुमचा पाय जमिनीला लागेपर्यंत मी कुणाला चढू देणार नाही."

मी आभार मानले. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही.

धुक्यातून एक पिवळा दिवा पुढे आला. खलाशाने दोर फेकला, खुंट्याला दोन वेढे दिले आणि ओढून घेतलं. तेव्हा मला रांग दिसली. दगडी काठावर माणसं उभी होती, एकामागे एक. कुणाच्या हातात सामान नव्हतं. रांगेत सर्वांत पुढे नोर्मा उभी होती.

अंगात इस्पितळाचा सदरा, वर तिचा तपकिरी कोट. पाय उघडे. मला वाटलं, मला घ्यायला आली वेडी. खलाशाने आपला हात आडवा धरला होता, आणि ती त्या हाताला टेकून पुढे बघत होती. बोटीत चढायची घाई असल्यासारखी.

"उतरणाऱ्यांना आधी," तो म्हणाला. मोठ्याने नाही. पण रांग मागे सरली.

मी उतरलो. नोर्माचा हात धरला. गार होता, नदीतल्या दगडासारखा.

"अगं, इथे काय करतेस?"

"तू उशीर केलास," ती म्हणाली. "मी निघालेच होते."

"आता आलोय ना. चल."

तिने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी ओढलं नाही. नोर्माला ओढून चालत नाही. मी नुसता उभा राहिलो, हात धरून. मागची माणसं वाट बघत होती आणि तो खलाशी त्या सगळ्यांना एका हातावर थोपवून धरून होता. तरी त्याने मला घाई केली नाही. एका शब्दाने नाही.

"मोजे आणलेस?" नोर्माने विचारलं.

"आणलेत."

मग ती वळली. आम्ही दाराकडे चालू लागलो. मागे लोखंड घासलं, पावलं वाजली, मग पाणी. मी मागे वळून पाहिलं नाही. हात सुटेल अशी भीती वाटली.

दाराशी एका नन सिस्टरने मला अडवलं. "कुणाला भेटायचंय?"

"भेटायचं नाही, हिला पोचवायला..." म्हणत मी बाजूला पाहिलं. माझा हात तसाच वळलेला होता. त्यात कुणी नव्हतं.

नोर्माला दुपारीच आत नेलं होतं. तिचं न ऐकता. थांबण्यासारखं नव्हतंच म्हणे. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, एल्दा येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली. म्हणाले, मध्ये हृदय थांबलं होतं, आम्ही हात बाजूला घेतले होते, आणि ते आपलं आपणच पुन्हा सुरू झालं. तरुण माणूस होता. सांगताना त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी त्याचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

दुसऱ्या दिवशी एल्दाने विचारलं, "पण भावोजी, तुम्ही आलात कसे? काल धुक्यामुळे बोटी दुपारीच बंद केल्या."

मी सांगितलं. छप्पर, खिडक्या, लाकडी बाकं. ती आधी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, तो धक्का! बोटीची वाट बघत उभं राहायचा तरंगता धक्का. तो कुठे जातोय? साखळदंडांनी बांधलेला असतो तो." मग माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

नोर्माला बरं वाटल्यावर तिला घेऊन घरी परतताना मी स्टेशनापाशी जाऊन पाहिलं. खरंच बांधलेला होता. माझ्या मांडीएवढ्या जाड साखळ्या, त्यांवर वर्षानुवर्षांचं शेवाळ. आत बाकावर माझी पिशवी होती, चीज आणि मोजे होते तसे. मी त्या साखळ्यांपाशी टोपी काढून उभा राहिलो. लोक बघत होते. बघेनात का.

मोजे मी तिथेच नोर्माच्या पायात घातले. गाडीत ती खिडकीशी बसली, माझा उजवा हात मांडीवर घेऊन. आठवण आहे का काही, हे मी तिला विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हतो. डोंगर दिसू लागले तेव्हा तीच म्हणाली,

"एक सांग. त्या दिवशी एका हाताने मला धरलं होतंस."

"हो."

"मग दुसऱ्या हाताला धरून ती बाई का आणलीस? रांगेत माझ्या मागे उभी होती ती?"

मी म्हटलं, कुणी नव्हतं गं.

"होती," नोर्मा म्हणाली. रागाने नाही. "ती दारातून आत नाही आली. ओळखीचं कुणी नसेल तिचं तिथे." मग माझ्या पलीकडे, डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून ती जरा सरकून बसली. गर्दीत आपण दुसऱ्याला जागा करून देतो ना, तशी.

त्यानंतर नोर्मा पुष्कळ वर्षं जगली. मी जन्मभर फेडलं तरी फिटणार नाही एवढं मला मिळालं. संध्याकाळी आम्ही घरापुढच्या बाकावर बसायचो. ती नेहमी माझ्या उजवीकडे. डावीकडे ती कधी बसली नाही, आणि आलेल्या-गेलेल्यालाही तिथे बसू द्यायची नाही. "तिथे नको," एवढंच म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात नोर्मा गेली. झोपेत, आपल्याच बिछान्यात, माझा हात हातात असताना. या वेळी मी उशीर केला नव्हता.

मी अजून त्या बाकावर बसतो. उजवीकडे कुणी नसतं. पण दिवस मावळू लागला की माझा डावा हात हळूहळू गार पडत जातो, आधी बोटं, मग तळवा... कुणीतरी घट्ट धरावा तसा.

मी तो काढून घेत नाही.