लाल दोऱ्याची बाजू

अंगणाच्या दक्षिण कडेला निवडुंगाचे सेहेचाळीस खांब होते आणि मधोमध चार खांबांची मोकळी जागा. दोन माणसांच्या उंचीचे, पाच ते सात उभ्या धारांचे, अंगाला अंग लावून उभे. तेहुआकानच्या खोऱ्यात घराला कुंपण असतं ते असंच. मधले चार डिसेंबरच्या वाऱ्यात पडले होते. त्यांच्या जागी लावायला बाबांनी जुन्या खांबांचे चार तुकडे कापले, प्रत्येकाच्या दक्षिणेकडच्या धारेला लाल दोरा बांधला आणि काप सुकायला ते पडवीत आडवे ठेवले. ज्या बाजूने ऊन सोसलंय तीच पुन्हा उन्हाकडे हवी. उलटं लावलं तर कोवळी बाजू भाजते. दोरा त्यासाठी.

काप सुकेपर्यंत बाबा तापाने अंथरुणाला खिळले. पुएब्ला शहरातल्या प्रयोगशाळेतून रजा काढून मी घरी पोचले, तोवर कास्तुलोमामाने चारही खांब लावून टाकले होते. दोरे घराकडे करून.

"मामा, उलटे लावलेत."

"माहितीय गं, शास्त्रीणबाई. तुझा बाप सारखा विचारतोय, खांब लावले का, खांब लावले का. आता खिडकीतून दोरे तरी दिसतात त्याला. उठला की फिरवू."

बाबा खरंच दिवसभर त्या दोऱ्यांकडे बघत पडून असत. ताप एकोणचाळीसच्या खाली येत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी नेऊन सांगितलं, असंच राहिलं तर त्यांचं हृदय झेपणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. आईने मेणबत्ती लावली. बाबांनी मक्याची पेज मागितली.

"गूळ महागलाय का, ओब्दुलिया?" पहिल्याच घोटाला ते म्हणाले, आणि आई रडत रडत हसली.

मी अंगणात आले. थंडीने दव गोठलं होतं. आईने जुन्या खांबांच्या शेंड्यांना पोती बांधली होती, तरी त्यांच्या धारांवर पांढरा थर चढला होता. नव्या चारांवर काहीच नव्हतं. मी दोन काट्यांच्या मध्ये बोट टेकवलं. साल कोमट होती. ऊन अजून डोंगरामागे होतं.

पुढच्या काही दिवसांत ते चारही खांब खिडकीकडे झुकले. झाड उजेडाकडे झुकतं हे मला ठाऊक आहे. हे उन्हाकडे पाठ करून झुकत होते.

बाबा जेवत होते, बोलत होते. त्यांचे हात मात्र गार लागत. दवाखान्याच्या तापमापकातला पारा पस्तिसाच्या पहिल्या रेघेपर्यंतही चढेना.

"बिघडला असेल," आई म्हणाली. "ताप नाही ना? मग झालं."

मी मामाला म्हटलं, "आजच फिरवू या."

"एवढी काय घाई? मुळं धरली असतील आता."

मुळं धरली नव्हती. पोतं गुंडाळून आम्ही पहिला खांब धरला आणि तो अलगद वर आला. खालचा काप लाकडासारखा कोरडा होता. आम्ही खांब वळवला. दोरा दक्षिणेला गेला.

घरातून आई किंचाळली. "श्वास! अगं, यांचा श्वास थांबला!"

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "होता तसा कर. लवकर."

दोरा पुन्हा घराकडे आला.

आत बाबा खोकले. "काय धडपड चाललीय तुमची? बाजूला व्हा, मला दोरे दिसू देत."

आई दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"कुणी हात लावायचा नाही त्यांना," ती म्हणाली. "कुणीही नाही."

मामा टोपी हातात घेऊन निघून गेला.

मी बॅगेतून प्रयोगशाळेचा काचेचा तापमापक काढला. तो शून्याच्याही खाली मोजतो.

"मला उकळणार आहेस की काय?" बाबांनी हसत हात वर केला.

त्यांच्या काखेत तो मी बराच वेळ धरून ठेवला. मग खोलीत टांगला. मग बाहेर जाऊन पहिल्या खांबाच्या सालीतल्या एका भेगेत खोल सरकवला.

बाबा, अकरा अंश.

खोली, अकरा.

खांब, सदतीस.